वाचकांचे प्रश्न : न वाकणारा ली पो आणि त्याचे शिफारशीचे अर्ज

मागील अंकात थांग काळातील चिनी कवितेवरील लेख आणि त्यासोबत ली पोच्या काही कवितांचे मराठी अनुवाद प्रसिद्ध झाले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या कवीच्या स्वच्छंद स्वभावावर आहे. कोणाला त्याचे कौतुक वाटले आहे, कोणाला शंका आली आहे, तर एका वाचकभगिनींना चक्क राग आला आहे. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. सध्याच्या लेखनपद्धतीप्रमाणे या कवीचे नाव ली बाई असे लिहितात; येथे मराठी वाचकांच्या परिचयाचे जुने रूप ठेवले आहे.

प्रश्न : आपण छापलेल्या एका कवितेत ली पो म्हणतो, 'भुवया झुकवून, कंबरेत वाकून मी सत्ताधीशांची चाकरी कशी करू? माझ्या मनाचा आनंदच त्यात हरपेल.' त्याच लेखात, त्याने शिफारशीसाठी बड्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली, असेही एक वाक्य आहे. मग स्वच्छंदपणा खरा मानायचा की अर्ज? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : दोन्ही खरे मानावे लागतात, आणि त्यांचा काळ लक्षात घेतला तर त्यांतील विरोधही पुष्कळ कमी होतो. आपण उद्धृत केलेली ओळ त्येनमू पर्वताच्या स्वप्नावरील दीर्घ कवितेच्या अखेरीस येते. ही कविता इसवी सन ७४५-७४६ च्या सुमाराची, म्हणजे दरबारातील जागा गेल्यानंतरची आहे. कंबरेत न वाकण्याची कल्पना ली पोची स्वतःची नाही. पाचेक मापे तांदळासाठी मी वाकणार नाही, असे म्हणून थाओ युआनमिंग या कवीने ४०५ मध्ये एका लहान तालुक्याचा अधिकार सोडला होता आणि चिनी वाचकाला ती ओळ वाचताक्षणी त्याचेच स्मरण होते. फरक असा, की थाओने नोकरी सोडल्यावर शेती धरली आणि पुन्हा कोणाचे दार ठोठावले नाही, तर ली पो जवळजवळ मरेपर्यंत कोणत्या ना कोणत्या दाराशी उभा राहिला.

तो दाराशी का उभा राहिला, हे समजण्यासाठी त्या काळातील व्यवस्था थोडी पाहावी लागेल. थांग साम्राज्यात अधिकारपदाचा राजमार्ग म्हणजे राजपरीक्षा. ली पोने ती कधीच दिली नाही. त्याचा जन्म ७०१ मधला. मध्य आशियातील सुयाब येथे, म्हणजे आजच्या किर्गिझस्तानात, तो जन्मला आणि चार-पाच वर्षांचा असताना कुटुंब सिचुआनमध्ये येऊन स्थायिक झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वडील व्यापारी असावेत, असाही तर्क आहे. व्यापाऱ्यांच्या मुलांना त्या परीक्षेचा दरवाजा कायद्यानेच बंद होता. कारण हे असो वा दुसरे, परीक्षेविना पद मिळवायचे तर कोणा प्रतिष्ठिताची शिफारस हवी, आणि शिफारस हवी तर आपले लेखन जोडून पत्र पाठवायचे, हा सर्वमान्य शिष्टाचार होता. ली पोचे मोठेपण किंवा छोटेपण पत्रे लिहिण्यावरून ठरत नाही, कारण पत्रे सगळेच लिहीत. त्याचा स्वभाव दिसतो तो पत्रांच्या भाषेत.

हान छाओझोंग या अधिकाऱ्याला ७३० च्या दशकात लिहिलेले त्याचे पत्र प्रसिद्ध आहे. आरंभ खुशामतीचा आहे : दहा हजार घरांची जहागीर नको, एकदा हानसाहेबांची ओळख व्हावी, एवढेच लोक मागतात. पण पुढे अर्जदार स्वतःविषयी सांगू लागतो. आपण उंचीने सात फूट नसलो तरी आपल्या छातीत दहा हजार पुरुषांचे बळ आहे, असे तो सांगतो. आपण साष्टांग दंडवत न घालता केवळ हात जोडून लांबून नमस्कार करू, त्याबद्दल आपल्याला परत पाठवू नये, अशी अटही तो घालतो. आपल्याला उत्तम मेजवानी द्यावी, मोकळेपणाने बोलू द्यावे आणि मग हवे तर दिवसाला दहा हजार शब्द लिहिण्याची परीक्षा घ्यावी. घोड्याला टेकून उभ्या उभ्या मजकूर पुरा होईल! नोकरी मागायला आलेला उमेदवार आधी जेवण मागतो, हे वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही. हानने शिफारस केली नाही.

त्याआधी काही वर्षे, हुबेईतील आनलू येथे राहत असताना त्याने पेई नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र याहूनही बोलके आहे. त्यात तो सांगतो, की यांगझोऊच्या परिसरात वर्षभराच्या आतच आपण अडचणीत सापडलेल्या घरंदाज तरुणांवर तीन लाखांहून अधिक धन उधळले. डोंगरात एका विरक्ताबरोबर राहत असताना हजारो पक्षी आपल्या हातावरचे दाणे टिपत असत. पत्राचा शेवट मात्र याचनेचा नाही. आपण रागावलात तर मी दोनदा नमस्कार करून निघून जाईन, हंसासारखा उडून जाईन, आणि तलवारीवर ठेका धरून गाण्यासाठी मला दुसऱ्या कोणा सरदाराचे दार मिळणार नाही असे थोडेच आहे, असा त्याचा आशय आहे. विनंतीपत्रात धमकी घालण्याची ही रीत कोणत्याही काळात फळाला येणे कठीण.

या उलट, त्याचा मित्र आणि त्याच काळातील कवी दू फू याने आपल्या उमेदवारीच्या दिवसांविषयी लिहिताना सकाळी श्रीमंतांची दारे ठोठावली, संध्याकाळी धष्टपुष्ट घोड्यांच्या मागे धूळ खात चाललो, उष्टे प्याले आणि गार झालेले मांस वाट्याला आले, असे म्हटले आहे. मागणे दोघांचे एकच होते. दू फूला त्याची लाज जाळीत होती. ली पोच्या मनात मात्र आपण मागत नसून समोरच्याला संधी देत आहोत, असाच भाव होता.

त्याच्यापुढचा आदर्श लू झोंगल्येन या प्राचीन पुरुषाचा होता, आणि हा दुवा पकडला की पुष्कळशा गोष्टी उलगडतात. युद्धखोर राज्यांच्या, म्हणजे चीन एकसंध होण्यापूर्वी राज्ये आपसांत लढत होती त्या काळातील या मुत्सद्द्याने केवळ वादविवादाच्या बळावर झाओ राज्यावरील संकट टाळले, आणि फिंगयुआनच्या अधिपतीने सहस्र सुवर्णमुद्रांचे बक्षीस पुढे केले तेव्हा ते हसून नाकारून तो निघून गेला. ली पोने त्याच्यावर कविता लिहिली आणि मीही त्याच जातीचा मोकळा माणूस आहे, बाह्या झटकून निघून जाणारा, असे तिच्यात सांगितले. येथे नीट लक्ष द्यावे. निघून जाण्याचा हा आनंद मिळण्यासाठी आधी राज्य वाचवावे लागते आणि त्यासाठी आधी कोणी तरी बोलवावे लागते. तरुणपणीच्या एका लेखात त्याने आपला बेत सरळ मांडला आहे : सम्राटाचा साहाय्यक व्हावे, चारी दिशांना शांतता आणावी, आणि काम पुरे झाले की सरोवरांवर नाव हाकीत अदृश्य व्हावे. त्यामुळे माझ्या मते ली पोचा स्वच्छंदपणा महत्त्वाकांक्षेच्या विरुद्ध बाजूला नाही. तो त्या महत्त्वाकांक्षेचाच उत्तरार्ध आहे. दुर्दैव असे, की पूर्वार्ध कधी घडलाच नाही, आणि त्याने उत्तरार्धच पुन्हा पुन्हा लिहून काढला.

प्रश्न : सम्राटासमोर त्याने प्रबळ खोजा गाओ लीशी याला आपले जोडे काढायला लावले, ही कथा खरी आहे काय? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : ही कथा जुनी आहे आणि ९४५ मध्ये पूर्ण झालेल्या थांग घराण्याच्या अधिकृत इतिहासातही आली आहे, परंतु ती ली पोच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने नोंदली गेली, आणि त्याच्या स्वतःच्या लेखनात तिचा उल्लेख नाही. ज्याला युवराज 'थोरले बंधू' म्हणत, त्या गाओ लीशीपुढे एका नवागत कवीने पाय पुढे करावा, हे घडले नसते असे नाही, पण घडले असते तर स्वतःच्या पराक्रमांविषयी कधीच मौन न बाळगणाऱ्या ली पोने ते लिहिल्याशिवाय ठेवले नसते, असे मला वाटते.

दरबारात काय घडले, याची जवळची साक्ष त्याचा नातलग ली यांगबिंग याच्या प्रस्तावनेत आहे. ७४२ मध्ये बोलावणे आले तेव्हा सम्राट शुआनझोंग पालखीतून उतरून त्याला सामोरा गेला, रत्नजडित आसनावर बसवून त्याला जेवू घातले आणि स्वतःच्या हाताने त्याचे सार ढवळले, असे ती सांगते. यांगबिंगला ही हकीकत बहुधा ली पोच्या तोंडूनच कळली असेल, हे वाचकाने ध्यानी ठेवावे. पद मिळाले ते हानलिन मंडळातील सेवकाचे. त्या मंडळात कवींबरोबर ज्योतिषी, भिक्षू आणि पटावरच्या खेळांतले वाकबगार असे सगळ्याच प्रकारचे लोक ठेवलेले असत. राज्यकारभाराचा सल्ला देण्याची स्वप्ने घेऊन आलेल्या माणसाच्या वाट्याला सम्राटाची लाडकी असलेल्या यांग क्वेइफेइच्या सौंदर्यावर आणि बागेतील फुलांवर पदे रचण्याचे काम आले. दोन वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, ७४४ मध्ये, त्याने डोंगराकडे परत जाण्याची परवानगी मागितली आणि सम्राटाने सोने देऊन त्याला निरोप दिला. ही हकालपट्टी होती की राजीनामा, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. दोन्ही बाजूंची सुटका झाली.

प्रश्न : त्याच्या कवितांत मद्य इतके आहे की तो व्यसनी होता असेच म्हणावेसे वाटते. त्याला स्वच्छंद म्हणून आपण व्यसनाला सुंदर नाव देत नाही ना? (एक वैद्यकीय व्यावसायिक, मडगाव)

उत्तर : शंका रास्त आहे. बायकोला उद्देशून लिहिलेल्या चार ओळींत तो स्वतःच कबूल करतो, की वर्षाचे तीनशे साठ दिवस मी चिखलासारखा लोळत पडलेला असतो. ली पोची बायको होण्यात तुला काय सुख? विनोदाने लिहिले असले तरी ते निव्वळ विनोदाचे वाक्य नाही. त्या काळचे चिनी मद्य धान्य आंबवून केलेले, ऊर्ध्वपातन न केलेले, म्हणून आजच्या दारूपेक्षा पुष्कळ सौम्य होते. 'तीनशे प्याले' या त्याच्या आकड्यातील अतिशयोक्ती वजा करतानाच ही गोष्टही वजा करावी. तरीही तो पुष्कळ पीत असे, हे समकालीनांनीच सांगितले आहे. दू फूच्या आठ मद्यपींवरील कवितेत ली पो एका घागरीमागे शंभर कविता लिहितो, राजधानी छांगआनच्या बाजारात गुत्त्यात झोपतो, आणि सम्राटाने बोलावले तरी नावेत चढत नाही. उलट 'मी मद्यातला सिद्धपुरुष' असे कळवतो. आज आपल्या डोळ्यांसमोर असलेले ली पोचे चित्र मुख्यतः या चार ओळींनी घडवले आहे. मात्र याच दू फूने त्याला उद्देशून लिहिलेल्या दुसऱ्या एका छोट्या कवितेत, बेफाम पिऊन आणि गाऊन दिवस फुकट घालवतोस, एवढी झेप आणि एवढा दर्प नेमका कोणासाठी, असे विचारले आहे. मित्राला पडलेला हा प्रश्न आपल्या प्रश्नाच्या फार जवळचा आहे.

कवितांकडे वळले तर मद्य तेथे दोन निरनिराळी कामे करते. 'मद्य आणा' या प्रसिद्ध कवितेत ते औदार्याचे निमित्त आहे : स्वर्गाने मला गुण दिले ते उपयोगासाठीच, सहस्र सुवर्णमुद्रा उधळल्या तरी परत येतील, पैसे कमी पडतात असे यजमानाने म्हणू नये, नक्षीदार आयाळीचा घोडा आणि हजारांची फरची अंगरखी मुलाकरवी पाठवा आणि त्यांच्या बदल्यात मद्य मागवा. घोडा आणि अंगरखी कोणाची, हे कविता सांगत नाही, पण बोलणारा पाहुणा आहे एवढे निश्चित! दुसरीकडे, चांदण्यात एकट्याने पिण्याविषयीच्या कवितेत कोणीही यजमान नाही, मित्र नाही. तो प्याला उंचावून चंद्राला बोलावतो, स्वतःची सावली धरून तिघे होतात, आणि चंद्राला पिता येत नाही, सावली नुसती मागे मागे येते, हेही त्याला दिसते. पहिल्या कवितेतील गलका ज्यांना आवडतो त्यांनी ही दुसरी अवश्य वाचावी. माणसांच्या सहवासात सुखावणाऱ्या या कवीला एकटेपणा किती नेमका ठाऊक होता, ते तिच्यात कळते. व्यसनाचा निवाडा बाराशे साठ वर्षांनंतर करणे वैद्यकालाही कठीण आहे, आणि तो निवाडा काहीही झाला तरी या दोन्ही कविता जशा आहेत तशाच राहतील.

प्रश्न : पाण्यातील चंद्र धरायला गेला आणि बुडाला, हे खरे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : नाही. यांगत्सेच्या काठी त्साइशी येथे ही दंतकथा रुजली आणि चंद्र धरण्याची जागा म्हणून तेथे एक स्थळही दाखवले जाऊ लागले. परंतु बाराव्या शतकातील होंग माई या विद्वानानेच ली यांगबिंगच्या प्रस्तावनेकडे बोट दाखवून ती खोडून काढली. ७६२ मध्ये आनहुईतील दांगथू येथे यांगबिंग अधिकारी होता. ली पो त्याच्याकडे आजारी अवस्थेत राहिला आणि अंथरुणावरूनच आपली अव्यवस्थित हस्तलिखिते त्याच्या हाती देऊन प्रस्तावना लिहिण्यास सांगितले, असे ती प्रस्तावना म्हणते. बहुतेक लेखन तोवर हरवलेच होते. आज हजाराच्या आसपास कविता उरल्या आहेत.

प्रश्न : अनुवाद मुक्तछंदात असल्यामुळे मूळ रचना कितपत मोकळी आहे हे कळत नाही. त्याचा स्वच्छंदपणा केवळ विषयात आहे की वृत्तातही? (मराठीचा एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : वृत्तात तो अधिक स्पष्ट आहे, आणि अनुवादात नेमका तोच हरवतो. थांग काळात नियमबद्ध अष्टकाला फार मान होता : आठ ओळी, प्रत्येकीत पाच किंवा सात अक्षरे, मधल्या दोन द्विपदींत शब्दाला शब्द समोरासमोर बसलेला, आणि आपल्या अक्षरगणवृत्तांत लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो तसा तेथे उच्चारातील सम आणि चढ-उताराच्या स्वरांचा क्रम ठरलेला. सात अक्षरी अष्टकाला दू फूने पूर्णत्व दिले आणि अशी दीडशेच्या घरात अष्टके लिहिली. ली पोची अशी अष्टके दहाच्या आसपास भरतात. त्याला ती जमत नव्हती असे मात्र नाही. नानजिंगच्या फीनिक्स-चौथऱ्यावरील त्याचे अष्टक आजही उत्तम मानले जाते.

त्याला रुचल्या त्या जुन्या लोकगीतांच्या चाली आणि प्राचीन धाटणीची दीर्घ कविता, कारण त्यांत ओळीला हवे तितके लांब होता येते. 'शूची वाट अवघड' ही सिचुआनच्या डोंगरी रस्त्यावरील कविता तीन अक्षरांच्या निव्वळ उद्गाराने सुरू होते. मग चार, पाच, सात, नऊ, अगदी अकरा अक्षरांच्या ओळी येतात, आणि आकाशात चढण्याहून ही वाट कठीण आहे, हे पालुपद तीन वेळा येते. वाचताना दम लागतो, आणि तो लागावा अशीच रचना आहे. हीच कविता वाचून हे झीझांग या वयोवृद्ध दरबारी कवीने त्याला 'स्वर्गातून हद्दपार झालेला सिद्धपुरुष' म्हटले आणि त्याच्यासाठी कंबरेचे सोन्याचे कासव, म्हणजे आपल्या हुद्द्याचे चिन्ह, देऊन मद्य आणवले, अशी आख्यायिका आहे. ती पदवी ली पोने आनंदाने स्वीकारली आणि जन्मभर मिरवली.

पण ही मोकळीक फक्त लांब ओळींतच असते, असे समजू नये. चार ओळींच्या, अठ्ठावीस अक्षरांच्या चौपदीतही तो वेग आणतो. सकाळी रंगीत ढगांतून बाईदी सोडले, हजार ली (ली हे चिनी अंतरमाप) दूरचे ज्यांगलिंग एका दिवसात गाठले, दोन्ही काठांवरच्या वानरांचे ओरडणे थांबण्याआधीच हलकी नाव दहा हजार डोंगर मागे टाकून गेली. ही चौपदी सर्व नियम पाळते. येथे मोकळेपणा आहे तो क्रियापदांच्या धावेत, आणि ही नाव कोणत्या प्रसंगी सुटली हे पुढच्या उत्तरात येणारच आहे. जाता जाता एवढेच सांगतो, की मुक्तछंदातील अनुवाद वाचून ली पोला मुक्तछंदाचा पूर्वज ठरवण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. जुने साचे त्याला पाठ होते, म्हणूनच ते कोठे ताणायचे हे त्याला कळत होते.

प्रश्न : इतका स्वतंत्र वृत्तीचा माणूस उतारवयात एका बंडखोर राजपुत्राच्या पदरी कसा गेला? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कारण अखेर कोणी तरी बोलावले. ७५५ च्या अखेरीस आन लुशान या सेनापतीचे बंड झाले, पुढील वर्षी सम्राट राजधानी सोडून सिचुआनकडे पळाला, युवराजाने उत्तरेत स्वतःला सम्राट घोषित केले, आणि दक्षिणेची सूत्रे हाती असलेला धाकटा राजपुत्र ली लिन आरमार घेऊन यांगत्सेवरून पूर्वेकडे निघाला. ली पो तेव्हा लूशान पर्वतावर पत्नीसह राहत होता. राजपुत्राची बोलावणी आली आणि पंचावन्न उलटलेला कवी खाली उतरला. नव्या सम्राटाने भावाला बंडखोर ठरवले, ७५७ च्या आरंभी त्याचा पराभव झाला, आणि ली पो शुनयांगच्या तुरुंगात गेला.

मध्यरात्री आरमार आले आणि मला सक्तीने नावेवर चढवले, असे त्याने नंतर एका दीर्घ कवितेत लिहिले. परंतु त्या मोहिमेवर असताना रचलेल्या गीतमालेत हाच कवी स्वतःची तुलना श्ये आनशी करतो. जुन्या काळी निवृत्तीतून बाहेर येऊन साम्राज्य वाचवणाऱ्या या मुत्सद्द्याप्रमाणे आपणही गप्पा मारता मारता, हसता हसता रानटी टोळ्यांची धूळ खाली बसवू, असे तो म्हणतो. आणि घर सोडतानाच्या कवितेत पत्नी त्याचे वस्त्र धरून त्याला मागे ओढते आहे. सक्तीने नेलेल्या माणसाचे हे वर्णन नव्हे. पुढे सोंग घराण्याच्या काळात (दहावे ते तेरावे शतक) या प्रकरणावर दोन तट पडले. सू शी या कवीने, दरबारात गाओ लीशीला जोडे काढायला लावणारा माणूस बंडखोराच्या मागे आपखुशीने जाणारच नाही, असा बचाव केला; म्हणजे ज्या कथेविषयी आपण वर शंका घेतली तीच येथे साक्षीला उभी राहिली. झू शी या तत्त्वज्ञाने मात्र, साहित्यिक माणसे किती बिनडोक असू शकतात याचा हा नमुना, अशा अर्थाचा शेरा मारला. मला झू शीचे म्हणणे कठोर, पण वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे वाटते. ज्याने जन्मभर एका हाकेची वाट पाहिली, त्याला हाक मारणारा कोण हे तपासण्याचे भान राहिले नाही.

तुरुंगातून त्याला सोंग रुओसी या अधिकाऱ्याने सोडवले. त्यानंतर ली पोने काय केले? सोंगच्या नावाने सम्राटाला एक निवेदन लिहिले आणि त्यात माजी हानलिन सेवक ली पो, वय सत्तावन्न, याची जोरदार शिफारस केली. त्याचे जन्मवर्ष आपण ७०१ धरतो ते मुख्यतः या स्वतःच लिहिलेल्या शिफारशीवरून! उत्तर म्हणून नैर्ऋत्येकडील दूरच्या येलांगला हद्दपारीची शिक्षा झाली. वाटेत, ७५९ मध्ये, बाईदीच्या सुमारास माफीची वार्ता पोहोचली, आणि वर सांगितलेली हलकी नाव ती हीच. तरी दोन वर्षांनी, एकसष्टाव्या वर्षी, तो पुन्हा सैन्यात भरती व्हायला निघाला आणि आजारी पडून अर्ध्या वाटेवरून परतला. त्याच्या मृत्यूनंतर त्यापुढच्या सम्राटाने त्याला दरबारात पद देऊ केले. तो हयात नाही, हे राजधानीत कोणाला ठाऊक नव्हते.

प्रश्न : पुरुष कवीने घर सोडून भटकले की त्याला स्वच्छंद म्हणतात. त्याची मुले कोण सांभाळत होते, याविषयी आपल्या लेखात एक शब्द नाही. (एक वाचकभगिनी, पुणे)

उत्तर : आपला राग योग्य आहे आणि लेखातील ही उणीव खरीच आहे. वेई हाओ हा त्याचा चाहता सांगतो, की ली पोच्या आयुष्यात चार स्त्रिया आल्या : आनलूच्या माजी मंत्र्याची नात असलेली शू, तिच्यानंतर ल्यू, जिच्याशी फारकत झाली, मग शानडोंगमधील एक स्त्री, आणि शेवटी आणखी एका माजी मंत्र्याच्या घराण्यातील झोंग. शूपासून त्याला फिंगयांग ही मुलगी आणि बोछिन हा मुलगा झाला. ७४२ मध्ये राजधानीला निघतानाच्या कवितेत मुले हसत त्याच्या वस्त्राला लोंबकळत आहेत, कोंबडी शिजते आहे, आणि तो मात्र आकाशाकडे पाहून मोठ्याने हसत दाराबाहेर पडतो : आमच्यासारखी माणसे का रानगवतात राहायची आहेत! नवऱ्याला तुच्छ लेखणाऱ्या एका जुन्या कथेतील मूर्ख बाईचा टोमणाही त्याच कवितेत आहे. पुढे लूशानवरून उतरताना वस्त्र धरणारी पत्नी झोंग. त्याला तुरुंगात टाकले तेव्हा रडत रडत अधिकाऱ्यांच्या दारी जाऊन त्याच्यासाठी रदबदली करणारीही तीच, आणि हे ली पोनेच कृतज्ञतेने नोंदवले आहे.

मुलांना तो विसरला होता असे मात्र म्हणता येत नाही. नानजिंगहून शानडोंगमधील मुलांना पाठवलेल्या कवितेत तो लिहितो, की घराच्या पूर्वेला मी लावलेले पीचचे झाड तीन वर्षांत माडीएवढे झाले असेल. फिंगयांग फुले तोडत त्या झाडाला टेकून उभी राहत असेल, आणि मी दिसत नाही म्हणून तिचे अश्रू झऱ्यासारखे वाहत असतील. बोछिन बहिणीच्या खांद्याला लागला असेल. दोघे झाडाखाली चालत असतील, त्यांच्या पाठीवरून मायेने हात कोण फिरवेल? ली पोची ही सर्वांत प्रामाणिक कविता आहे, असे माझे मत आहे. तिच्यात दर्प नाही, गरुडझेप नाही. पण हेही म्हटले पाहिजे, की ती वाचून आपण हळवे होतो तेव्हा कवी नानजिंगमध्येच असतो, आणि घरी जाण्याऐवजी त्याने कविता पाठवलेली असते.

कुटुंबाचे पुढे काय झाले, ते ८१७ च्या एका शिलालेखावरून कळते. फान छुआनझेंग हा त्या भागाचा वरिष्ठ अधिकारी होता. वडिलांच्या कागदपत्रांत त्यांच्या ली पोशी असलेल्या स्नेहाची खूण सापडल्यामुळे त्याने कवीच्या वंशजांचा काही वर्षे शोध घेतला. बोछिन ७९२ मध्ये कोणतेही पद न मिळता वारला होता. एक नातू घर सोडून निघून गेला होता आणि बारा वर्षे त्याचा पत्ता नव्हता. आजोबांचा वारसा त्याने असा चालवला म्हणायचे. दोन नाती सापडल्या, त्या साध्या शेतकऱ्यांच्या घरी नांदत होत्या. आजोबांची इच्छा हिरव्या डोंगराच्या पायथ्याशी विसाव्याची होती, पण त्यांना दुसरीकडेच पुरले, एवढेच त्यांनी सांगितले. फानने कबर त्या डोंगराजवळ हलवली, आणि नातींना प्रतिष्ठित घराण्यांत पुन्हा लग्न लावून देण्याची तयारी दाखवली. त्यांनी ती नाकारली. गरिबीत आसरा देणाऱ्या नवऱ्यांना अधिकाऱ्याच्या बळावर सोडून दिले तर परलोकी आजोबांना कोणते तोंड दाखवू, असे त्यांचे म्हणणे होते. फानने मग त्यांच्या नवऱ्यांचा शेतसारा आणि वेठबिगार माफ केली.